कंद झकास, कुंडी नापास: ॲमरिलिसच्या किटचा दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

रिव्ह्यू उशिरा टाकतेय, माहितीये. ॲमरिलिसचं, म्हणजे कंदापासून येणाऱ्या मोठ्या फुलांच्या झाडाचं, किट घेतलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. पण मुद्दाम थांबले, कारण या वस्तूचे रिव्ह्यू वाचायला घेतले की सगळे एकतर खोका उघडल्या दिवशीचे, 'पॅकिंग छान, वेळेत मिळालं', नाहीतर फूल उमललं त्या दिवशीचे, चार फोटो आणि खाली बदाम. मधले दोन महिने काय झालं आणि फुलं गळाल्यावर त्या बिचाऱ्या कंदाचं पुढे काय झालं हे कोणी लिहीतच नाही, आणि खरा प्रश्न तर तोच असतो ना, की ही एकदाच फुलून फेकून द्यायची वस्तू आहे का दरवर्षी फुलणारं झाड आहे. तर झाड आहे. पण हे किट बनवणाऱ्यांना ते माहीत आहे असं काही वाटत नाही.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण असली किटं सगळीकडे सारखीच मिळतात, खोक्यावरचा फोटो तेवढा वेगळा. आत चार गोष्टी: एक कंद, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) दाबलेली चकती, प्लॅस्टिकची कुंडी आणि सूचनांचं कार्ड. मी दोन घेतली, एक मला आणि एक नणंदेला. पुढे जे काही शिकायला मिळालं ते या दोन किटांमुळेच, कारण एकच खोका, एकच दिवस, आणि दोन घरांत दोन वेगळ्या तऱ्हा झाल्या. घाईत असाल तर इथेच सांगते, कंदाला पाचपैकी साडेचार, कोकोपीटला तीन, कुंडीला शून्य, आणि कार्डाला शून्याच्या खाली काही देता आलं असतं तर दिलं असतं.

कंदापासून सुरू करते कारण पैसे त्याचेच असतात. खोक्यावर २६/२८ असं छापलं होतं. मला आधी वाटलं बॅच नंबर असेल, पण तो कंदाचा घेर असतो सेंटीमीटरमध्ये. शिवणाच्या डब्यातली टेप काढून दोन्ही मोजले, माझा २७ भरला, नणंदेचा साधारण तेवढाच, म्हणजे छापलं होतं तेच दिलं, इथे फसवाफसवी नाही. हा आकडा बघूनच घ्या, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. घेर जेवढा मोठा तेवढा आत साठा जास्त, आणि फूल त्या साठ्यावरच येतं, पहिल्या वर्षी मातीतून फार काही लागतच नाही त्याला. २०/२२ च्या कंदाला बहुतेक फुलांचा एक दांडा येतो, ३०च्या पुढच्या कंदाला दोन येण्याची चांगली शक्यता, कधी तीनही. आकडाच छापला नसेल तर समजून जा की छापण्यासारखा नव्हता. हातात घेऊन बघायला मिळत असेल तर दाबून बघा, दगडासारखा घट्ट पाहिजे, गळ्यापाशी, म्हणजे वरच्या निमुळत्या भागापाशी, बोट रुतलं किंवा तळाशी मऊ लागलं तर ठेवून द्या. वरची तपकिरी सालं सुटलेली असली तर काही नाही, कांद्याचीही असतातच. तळाची मुळं वाळलेल्या दोऱ्यांसारखी दिसली तरी कापू नका, त्यातली बरीच जिवंत असतात.

आता कुंडी. चकचकीत, सोनेरी पट्टा वगैरे, दिसायला छान, आणि तळाला भोक नाही. म्हणजे मला वाटलं माझ्याच कुंडीला पाडायचं राहिलं असेल, म्हणून नणंदेला फोन केला, तिच्याही कुंडीला नाही. कंद कुजवायचा असेल तर याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही. ॲमरिलिस एकवेळ तहानेने मरणार नाही, पाण्यात बसून मात्र नक्की मरेल. आणि वर ते कार्ड! कार्ड म्हणतं कंद गळ्यापर्यंत पुरा, रोज पाणी घाला, ऊन द्या, सहा आठवड्यांत फुलं. मी पहिल्यांदाच लावत होते, मी आपली आज्ञाधारक, सगळं तसंच्या तसं केलं. बाराव्या दिवशी कुंडीजवळ कुबट वास यायला लागला. सासूबाई दोन दिवस म्हणतच होत्या, "अगं, काहीतरी सडलंय इथे," आणि मी म्हणत होते, "अहो आई, कोकोपीटचा वास असतो तसा." कोकोपीटचा नव्हता.

कंद उपसून काढला तर तळाला बोटभर पाणी साचलेलं, खालची दोन-चार मुळं हाताला लागताच गळून आली, बाहेरची सालं बुळबुळीत. म्हटलं संपलं. पण ती दोन सालं सोलून काढली तर आतून कंद पांढरा आणि घट्ट, नशीब. मऊ मुळं कापली, चांगली ठेवली, आणि पुसून दोन दिवस सुकायला ठेवला. कुठे? स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पेपरवर. संध्याकाळी नवरा सुरी घेऊन त्याच्यासमोर उभा, म्हणे केवढा मोठा कांदा आणलास, एकातच काम होईल! हसायला येतंय आत्ता, पण यातली एक गोष्ट गंभीर आहे आणि ती कार्डावर एका ओळीतसुद्धा नाही. हा कंद विषारी आहे. यात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेलं तर उलट्या, पोटदुखी, जुलाब, आणि सगळ्यात जास्त ते कंदातच असतं. मांजर-कुत्र्यांनाही बाधतं, पानं-फुलं चावली तरी. चिकामुळे काहींच्या हाताला खाजही सुटते. त्यामुळे घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर, आणि सुटा कंद स्वयंपाकघरात कधीच नाही. दिसायला हुबेहूब कांदा असलेली विषारी वस्तू विकताना एक ओळ छापायला काय जातं यांचं?

मग घरातली जुनी मातीची कुंडी काढली, सहा इंची, तळाला चांगलं मोठं भोक. याला मोठी कुंडी आवडत नाही, कंद आणि कुंडीची कड यात दोन-तीन सेंटीमीटर जागा राहिली की बस. २७ घेराचा कंद म्हणजे साडेआठ-नऊ सेंटीमीटर रुंद, त्यामुळे सहा इंची अगदी बरोबर बसली. नुसतं कोकोपीट न घेता त्यात माती, कंपोस्ट आणि थोडी जाड वाळू मिसळली, कारण नुसतं कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, फसवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंद वरचा निम्मा नाहीतर निदान एक तृतीयांश मातीच्या वर ठेवला, गळा आणि खांदे उघडे. बघायला विचित्र वाटतं, अर्धवट लावल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "पुरायचा विसरलीस का?" पण गळ्यात पाणी साचलं की तिथूनच सड सुरू होते. पाणी एकदाच दिलं, कोमट, कडेकडेने, आणि मग हिरवं काही दिसेपर्यंत जवळजवळ काहीच नाही, बोट खुपसून कोरडं लागलं तरच अर्धा कप.

इथे खूप जण घाबरतात. काहीच होत नाही म्हणून पाणी घालत बसतात आणि तिथेच खेळ संपतो. मुळं नसताना पाणी पिणार कोण? आधी मुळं येऊ द्यायची, आणि त्याला २०-२२ डिग्रीची ऊब लागते, पाणी नाही. माझ्या कंदाला तिसऱ्या आठवड्यात गळ्यातून हिरवं टोक दिसलं. आता हे पान का कळी यावर घरात पैजा लागल्या. ओळखायची खूण सांगते: पानाचं टोक पातळ, चपटं, जिभेसारखं. कळीचं टोक जाड, भाल्याच्या पात्यासारखं, आणि चिमटीत हलकंच धरलं तर आत काहीतरी भरलेलं आहे हे कळतं. कळी होती! मुलाने कुंडीत पट्टी खोचून रोज शाळेतून आल्यावर दांडा मोजायचं काम घेतलं. सुरुवातीला अर्धा सेंटीमीटर वगैरे, आणि मग मधल्या आठवड्यात एका दिवसात अडीच. सकाळी बघितलेला दांडा संध्याकाळी वेगळा दिसतो. खिडकीकडे झुकतो मात्र फार, म्हणून रोज कुंडी पाव फेरी फिरवायची. मी दोन दिवस विसरले तर लगेच वाकला, मग उलटा फिरवून सरळ केला.

फूल उमललं नवव्या आठवड्यात. कार्डावरचे सहा नाहीत. कंदाकंदात फरक असतो, सहा ते दहा आठवडे धरून चाला, आणि माझे तर पहिले बारा दिवस वायाच गेले होते.

उमलायच्या वेळी काय होतं ते लिहायलाच हवं, कारण त्यासाठीच तर ही सगळी मरमर. दांड्याच्या टोकाची ती मोठी कळी म्हणजे खरं तर पिशवी असते, दोन कागदी पाकळ्यांची. ती एका बाजूने उकलते आणि आतून चार कळ्या एकमेकींना चिकटलेल्या बाहेर येतात, दोनेक दिवसांत चार दिशांना मान वळवतात, आणि मग एक एक करून उघडतात. माझं पहिलं फूल पट्टीने साडेअठरा सेंटीमीटर भरलं. माझ्या पसरलेल्या हाताएवढं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, आणि पाकळीवर उजेड तिरका पडला की बारीक बारीक चमक दिसते, साखर भुरभुरल्यासारखी, फोटोत ती काही येत नाही. वास नाही, म्हणजे बहुतेक जातींना नसतोच, त्यामुळे तो गुण कापू नका.

पण रंग! खोक्यावर फोटो होता लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या फुलाचा, खाली जातीचं नाव मिनर्व्हा. माझ्याकडे उमललं ते ठार लाल, पट्टा औषधालाही नाही. रेड लायन जातीचं असावं, पण खात्रीने नाही सांगू शकत. सुंदरच होतं, वादच नाही, पण मी ते मागवलं नव्हतं. फोटो काढून ईमेल केला, सोबत कुंडीच्या भोकाचंही लिहिलं. पाच दिवसांनी उत्तर आलं की 'नैसर्गिक उत्पादन असल्याने रंगछटेत फरक संभवतो'. अहो, छटेत फरक म्हणजे गुलाबीचा फिका गुलाबी. नाव असलेल्या जातीचे कंद बियांपासून करत नाहीत, एकाच मूळ कंदाचे तुकडे करून, खवले वेगळे करून वाढवतात, त्यामुळे प्रत्येक मिनर्व्हा ही मिनर्व्हाच असते. पट्टे पुसले जात नसतात. हा कंदांच्या क्रेटमध्ये झालेला घोळ आहे, चूक झाली म्हणाला असतात तर मी इथे दोन ओळीत विषय संपवला असता. कुंडीच्या भोकाबद्दल उत्तरात अवाक्षर नाही.

नणंदेकडे वेगळीच कथा. तिने ती सोनेरी कुंडीच ठेवली, पाणी मात्र जपून घातलं म्हणून कंद वाचला, तिचा हातच बेताचा आहे. दांडा आला दोन फुटांच्या जवळपास, वर चार भरगच्च कळ्या, आणि खाली रिकाम्या डब्याइतकी हलकी कुंडी. रात्री दोनला धाडकन आवाज, घरातले सगळे उठले, चोर आला म्हणून. दांडा मधून मोडलेला. सकाळी रडवेल्या आवाजात फोन, "वहिनी, संपलं सगळं." मी म्हटलं फेकू नकोस, मोडला तिथून सरळ कापून फुलदाणीत ठेव. दांडा पोकळ असतो, नळीसारखा, त्यामुळे पाण्यात ठेवला की खालची कड फाटून बाहेर वळते, केळीच्या सालीसारखी, म्हणून खालच्या टोकाला टेपचा एक वेढा द्यायचा, आणि फुलांच्या वजनाने मोडू नये म्हणून पोकळीत बारीक काडी सरकवायची. ते केलं आणि चारही कळ्या फुलदाणीत उमलल्या, दहा दिवस टिकल्या. कुंडीतल्याइतक्याच! त्यामुळे दांडा मोडला तर जीव टाकू नका. पण मुळात मोडायला नको असेल तर कुंडी जड पाहिजे, माती नाहीतर सिरॅमिकची, आणि दांडा वीतभर झाला की बाजूला काठी रोवून सैल बांधायचा. काठी कंदात खुपसू नका म्हणजे झालं.

माझी फुलं जवळजवळ अडीच आठवडे चालली, एकामागून एक. दोन गोष्टी केल्या. एक, उमलल्यावर कुंडी उन्हाच्या खिडकीतून काढून घरातल्या त्यातल्या त्यात गार कोपऱ्यात आणली, ऊब कळी येईपर्यंत हवी, नंतर तीच फूल लवकर संपवते. दुसरी, फूल उघडलं की पुंकेसरांच्या टोकांच्या पिवळ्या पिशव्या नखाने खुडून टाकल्या. त्याने फूल जरा जास्त टिकतं आणि पराग पाकळ्यांवर आणि पडद्यावर सांडत नाही. पडद्यावरचा डाग मला आधी एकदा पडून कळला, निघत नाही.

मध्येच एक गंमत, आवड असेल तर वाचा नाहीतर पुढे जा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ॲमरिलिस लिहिलंय आणि आपणही सगळे तेच म्हणतो, पण हे झाड शास्त्रीय भाषेत हिप्पिॲस्ट्रम. मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. खरी ॲमरिलिस म्हणजे बेलाडोना, ती दक्षिण आफ्रिकेची, तिची फुलं पानं नसताना येतात आणि दांडा भरीव असतो, पोकळ नाही. १७५३ मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलं तेव्हा दोन्ही एकाच डब्यात गेली, १८२१ मध्ये विल्यम हर्बर्टने हिप्पिॲस्ट्रम वेगळं काढलं, ग्रीकमध्ये अर्थ घोडेस्वाराचा तारा, आणि ॲमरिलिस हे नाव नक्की कोणाचं यावरचं भांडण मिटायला १९८७ उजाडलं. आणि पहिला संकर कोणी केला, तर १७९९ मध्ये इंग्लंडमधल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने! घड्याळं दुरुस्त करता करता माणूस दोन फुलांचे पराग जुळवत बसला होता, आणि त्यातून आज इतक्या जाती. मला हे फार आवडलं. दुकानात मात्र ॲमरिलिसच म्हणा, नाहीतर कोणाला कळणार नाही.

तर फुलं गळाली. आणि इथे कार्ड संपतं. शेवटची ओळ 'फुलांचा आनंद घ्या', बस. म्हणजे पुढचे दहा महिने यांच्या हिशेबी नाहीतच, कारण तुम्ही पुढच्या वर्षी परत त्यांचंच किट घ्यावं ही अपेक्षा. माझा खरा राग इथे आहे, कुंडीपेक्षाही.

कारण फुलून झाल्यावर मी कंद परत मोजला, २७ चा साडेचोवीस झालेला. बोटाने दाबला तर जरासा पोचट. फुलासाठी त्याने अंगातलं सगळं काढून दिलेलं असतं. ते परत भरून काढायचं काम पानांचं. नणंदेने काय केलं, पानं लांबलचक होऊन लोळायला लागली, दिसायला गबाळं, म्हणून कात्रीने सपासप कापली आणि कुंडी जिन्याखाली सारली. तिला वाटलं आता झोपवायचा असतो. मी पानं ठेवली. वाळलेली फुलं देठासकट खुडली म्हणजे बी धरायला ताकद जाणार नाही, दांडा हिरवा होता तोवर ठेवला, पिवळा पडल्यावर गळ्यापासून जरा वर कापला, भरपूर पाणी निघतं त्यातून, खाली फडकं धरा. मग कुंडी उन्हात, सुरुवातीला सकाळचं कोवळं ऊन, एकदम कडक दिलं तर पानं भाजतात. माती कोरडी झाली की पाणी, आणि दर पंधरा दिवसांनी पातळ केलेलं द्रवखत, नायट्रोजन कमी आणि पोटॅश जास्त असलेलं. फक्त नायट्रोजन दिलं तर नुसती पानंच पानं येतील.

आणि पानं मोजायची! ही मला सगळ्यात भारी गोष्ट वाटली. हा कंद आत एका ठरलेल्या चालीने वाढतो, चार पानं झाली की एक फुलाची कळी, परत चार पानं, परत कळी. म्हणजे यंदा आठ पानं आली तर दोन कळ्यांची सोय झाली असं ढोबळ धरायचं, पोट भरलं तर. आणि कळी आत तयार व्हायला वर्षभर लागतं, आज उमललेलं फूल हे तुमचं नसतंच, ज्या शेतकऱ्याने तो कंद वाढवला त्याचं असतं. तुमचं पहिलं फूल म्हणजे दुसऱ्या वर्षीचं. माझ्या कंदाला त्या वर्षी आठ पानं झाली, नववं अर्धवट. शेवटी मोजला तर साडेअठ्ठावीस.

मग पाणी हळूहळू कमी करत बंद केलं, पानं आपोआप पिवळी पडून वाळू दिली, तेव्हाच कापली. कुंडी आडवी करून, कंद आतच ठेवून, घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या जागी आठ-दहा आठवडे. आदर्श म्हणजे १०-१३ डिग्री. तेवढं गार घर नसलं तरी चालून जातं, पाणी बंद ठेवणं जास्त महत्त्वाचं. आणि खरं सांगायचं तर ही झोप सक्तीची नाही, काही जण पानं तशीच ठेवतात आणि कंद त्याच्या मर्जीने फुलतो, फक्त केव्हा ते त्याच्या हातात. पपिलिओसारखी जात तर बारमाही हिरवीच राहते, तिला कोरडं करून झोपवायचं नसतं. दहाव्या आठवड्यात बाहेर काढला, वरची इंचभर माती बदलली, कुंडी तीच, कारण मुळं हलवलेली याला आवडत नाहीत, दोन-तीन वर्षांतून एकदा कुंडी बदलली की पुरे. पाणी दिलं. आणि दोन दांडे आले! एकावर चार, दुसऱ्यावर तीन फुलं. सात फुलं, आणि या वेळी माझी.

नणंदेच्या कंदाला त्या वर्षी नुसती पाच पानं. "तुझाही तोच कांदा, माझाही तोच, मग असं कसं गं वहिनी?" आता कळलं असेल कसं ते. यंदा तिने पानांना हात लावलेला नाही.

दुसऱ्या वर्षी दोन त्रास झाले ते पण लिहिते. गळ्यात, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसायला लागला, मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन आठवडाभर पुसत बसले, गेले. आणि पानांवर लाल ठिपके, लांबट, शेंदरी कडांचे. हा बुरशीचा रोग आहे, दांड्यावर आला तर दांडा तिथेच वाकडा होतो. चूक माझी, मी हौसेने पानांवर फवारा मारत होते. फवारा बंद, पाणी फक्त मातीत, डागाचं पान कापून टाकलं, हवा खेळती ठेवली, पसरला नाही. नवीन कंद घेताना सालीवर गडद लाल ओले चट्टे दिसले तर तेव्हाच नको म्हणा.

याच्या जोडीला मेण लावलेला कंद पण वापरून झालाय, भेट मिळाला होता, म्हणून तुलना. लाल मेणात बुडवलेला, खाली तारेचं वेटोळं, माती नको पाणी नको, टेबलावर ठेवा की फुलतो. फुलला पण, तीन फुलं, दांडा आखूड, फुलं जरा लहान, टेबलाच्या मध्यभागी खरंच छान दिसत होता. नंतर मी मेण सोलून लावायला गेले तर तळाची चकती, जिथून मुळं फुटतात, ती सपाट कापलेली. मुळं येणारच नाहीत. काहींची चकती शाबूत असते म्हणे, पण आमच्याची नव्हती. गुच्छ म्हणून द्यायला ठीक, झाड म्हणून घेऊ नका.

मग किट घ्यायचं का? नाही. सुटा कंद घ्या. घेर छापलेला, जातीचं नाव लिहिलेला, निदान २६/२८, आणि कुंडी-माती घरचीच वापरा. किटमध्ये तुम्ही कुंडीचे आणि खोक्याचे पैसे भरता, आणि त्याच कुंडीने कंद मारायला घेतला होता. भेट द्यायला खोकाच हवा असेल तर द्या, पण आधी स्वतः उघडून कुंडीला भोक पाडा आणि ते कार्ड काढून घ्या. सगळं मिळून माझे तीन स्टार, त्यातले सगळे कंदाचे.

आत्ता हे लिहितेय तेव्हा तिसऱ्या वर्षाची झोप चालू आहे, कंदाच्या कुशीला एक पिल्लू धरलंय, लिंबाएवढं. ते अजून आईपासून तोडलं नाहीये, त्याची स्वतःची मुळं सुटली की वेगळं लावणार, आणि फूल यायला दोन-तीन वर्षं तरी लागतील. मुलाने आत्ताच सांगून ठेवलंय की ते त्याचं. सोनेरी कुंडीत मी कपड्यांचे चिमटे ठेवते. त्या कामाला भोक लागत नाही.